आम्ही फक्त विकतो

खेळण्यात काही खोट निघाली आणि ते परत करायला गेलं, की विकणाऱ्याकडून एक उत्तर हमखास येतं: "आम्ही थोडंच बनवतो? वरून माल येतो, आम्ही फक्त विकतो." उत्तरात उद्धटपणा नसतो. बहुतेकदा देणाऱ्याचा स्वतःचाच त्यावर पूर्ण विश्वास असतो, म्हणून त्याच्याशी वाद घालणं अवघड जातं. पैसे परत मिळतात, क्वचित दुसरं खेळणं मिळतं, आणि खोट असलेला नग पुन्हा त्याच खोक्यात जातो. तिथून तो पुढे कुणाच्या घरी जाणार, हे विचारायचं आपल्याला त्या घाईत सुचत नाही.

मला ते अलीकडे सुचायला लागलंय. भाचीचा मुलगा रांगायला लागल्यापासून तिच्या घरात येणारं प्रत्येक खेळणं आधी माझ्या हातात पडतं. मी ते उलटसुलट करते, ओढते, पिळते, नाकाशी धरून वास घेते. भाची म्हणते, "मावशी, तू खेळण्यांचं पोस्टमॉर्टेम करतेस." मी म्हणते, बाई गं, आधी केलं तर त्याला तपासणी म्हणतात.

कापडी सशापासून सुरुवात करू. सशाचा डोळा चिमटीत धरून जोरात ओढायचा, मग पिळायचा. डोळा नुसता चिकटवलेला असेल तर तो लगेच डुगडुगतो. मागून वॉशर लावून बसवलेला असेल तर कापड ताणलं जातं, पण डोळा जागचा हलत नाही. पोटाची शिवण दोन्ही अंगठ्यांनी फाकवून बघायची. टाके विरळ असले की मधून आतला पांढरा फायबर डोकावतो, आणि एकदा डोकावला की लहान मुलाचं बोट तिथे पोचायला वेळ लागत नाही. प्रयोगशाळेत हेच पद्धतशीरपणे करतात. खेळणं ठरावीक उंचीवरून आपटतात, ठरावीक जोराने ओढतात, पिळतात, आणि त्यातून काही सुटून आलं की ते एका छोट्या नळकांड्यात टाकून बघतात.

हे नळकांडं म्हणजे खेळण्यांच्या सुरक्षिततेतलं बहुधा सगळ्यात साधं साधन. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशाचा अंदाज घेऊन हे माप ठरवलेलं आहे. खेळणं किंवा त्याचा सुटलेला तुकडा न दाबता त्यात पुरता मावला, तर ती वस्तू इतक्या लहान मुलासाठी नाही. बाकी चर्चा नाही. अमेरिकेच्या, युरोपच्या, आंतरराष्ट्रीय आणि भारतीय मानकांत हेच माप आहे. ते वापरायला शिक्षण लागत नाही, वीज लागत नाही. माल लावणाऱ्या नोकराला पाच मिनिटांत शिकवता येईल. तरीही खेळणी विकणाऱ्याच्या टेबलावर किंमतीची पट्टी चिकटवायचं यंत्र असतं, नोटा तपासायचं यंत्र असतं, हे नळकांडं मात्र मला आजवर कुठे दिसलेलं नाही. नोट खोटी निघाली तर नुकसान त्याचं होतं, हे त्यामागचं कारण असावं.

आता बटन सेल, म्हणजे नाण्यासारखी गोल, चपटी बॅटरी. याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण हे प्रकरण अनेक सुशिक्षित घरांतही नीट माहीत नसतं. दिवे लागणारी, गाणी म्हणणारी, चमकणारी खेळणी यावर चालतात. त्यातला वीस मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल सगळ्यात घातक, कारण तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. लोकांना वाटतं, सेल फुटून आतलं रसायन बाहेर आलं तरच धोका. तसं नसतं. सेल अखंड असला तरी भोवतीच्या ओल्या ऊतींमधून वीज वाहायला लागते, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते, आणि ती अन्ननलिकेची भिंत जाळत जाते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. खेळण्याला पुरत नाही म्हणून काढून टाकलेला 'संपलेला' सेलसुद्धा एवढं करायला पुरेसा असतो. मूल सांगू शकत नाही. लाळ गळते, खोकला येतो, जेवण नकोसं होतं. घरच्यांना वाटतं सर्दी झाली. एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखा दिसतो, फक्त कडेला दुहेरी वर्तुळ असतं, आणि ते ओळखणारा डॉक्टर वेळेत भेटावा लागतो. शंका जरी आली तरी ओकारी काढायला न लावता थेट हॉस्पिटल गाठायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

म्हणून खेळण्यांच्या मानकांत अट आहे की अशा सेलचं झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये, किंवा उघडायला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागल्या पाहिजेत. घरात आणखी कितीतरी वस्तूंत हे सेल असतात: रिमोट, वजनकाटे, मेणबत्तीसारखे दिवे. त्यांना असा नियम अमेरिकेत २०२२ साली आला, तोही सेल गिळून दगावलेल्या दीड वर्षांच्या एका मुलीच्या नावाने. तिच्या आईने त्या कायद्यासाठी पाठपुरावा केला. अशा कायद्यांच्या मागे बहुतेकदा कुणीतरी आई किंवा बाप असतो, हे वाचताना मला दर वेळी थोडा रागच येतो. हे काम त्यांचं का असावं?

भाचीकडे एकदा ऑनलाइन मागवलेली चमकणारी मासोळी आली. पोटाखाली सेलचं झाकण होतं. झाकणात स्क्रूचं भोक होतं, भोकाच्या आत आटेही पाडलेले होते. स्क्रू तेवढा नव्हता. म्हणजे ज्याने साचा बनवला त्याला नियम माहीत होता. पुढे कुणीतरी कुठेतरी एक स्क्रू वाचवला होता. अंगठ्याने ढकललं की झाकण सरकत होतं आणि सेल हातावर पडत होते. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. खोकं उघडून एकदा हातात घेतलं असतं तर ते कुणालाही दिसलं असतं. म्हणजे विकणाऱ्यांपैकी कुणीही ते उघडून पाहिलं नव्हतं.

मी विक्रेत्याला फोटोंसह लिहिलं. दिलगिरीचा तयार मजकूर आला आणि पैसे परत. मी विचारलं होतं की हाच माल ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांना कळवणार का. त्यावर उत्तर आलं नाही. काही दिवसांनी ती मासोळी त्या पानावरून गेली आणि दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने, दुसऱ्या रंगात, त्याच फोटोंसह हजर झाली.

इथवर जे सांगितलं ते डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं. खरी पंचाईत पुढे आहे. रंगात शिसं आहे का, प्लास्टिक मऊ करायला थॅलेट नावाची घातक रसायनं घातली आहेत का, लोहचुंबक किती ताकदीचा आहे, हे कुठलीही मावशी वास घेऊन सांगू शकत नाही.

२००६ सालची अमेरिकेतली गोष्ट आहे. मिनिआपोलिसमध्ये चार वर्षांच्या एका मुलाला उलट्या होत होत्या. पोटाचा संसर्ग समजून आधी घरी पाठवलं. पुढे प्रकृती खालावली तेव्हा एक्स-रेत पोटात बदामाच्या आकाराची धातूची वस्तू दिसली. मूल वाचलं नाही. ते पदक तपासलं तर त्यात ९९ टक्के शिसं निघालं. बुटांच्या जोडीबरोबर फुकट मिळालेलं ते पदक होतं, आणि ते बूटही त्या घरात आलेले नव्हते. मूल ज्यांच्याकडे खेळायला गेलं होतं तिथल्या मुलाचे होते. 'पालकांनी बघून घ्यायला हवं' असं म्हणणाऱ्याला मला नेहमी विचारावंसं वाटतं, की या आईने नेमकं काय बघून घ्यायला हवं होतं? तिने काहीच विकत घेतलं नव्हतं. तीन लाख पदकं परत मागवली गेली आणि २००८ मध्ये कंपनीने दहा लाख डॉलरचा दंड भरला.

दुसरी गोष्ट पुढच्याच वर्षीची, आणि तिच्यात विकणाऱ्याची बाजूही नीट बघावी लागते. रंगीत मणी मांडायचे, पाणी फवारायचं, मणी एकमेकांना चिकटून चित्र तयार. ऑस्ट्रेलियात या खेळण्याला २००७ चा सर्वोत्तम खेळण्याचा मान मिळाला होता. नोव्हेंबरमध्ये कळलं की ते मणी गिळलेली मुलं बेशुद्ध पडताहेत. मण्यांच्या चिकट लेपात १,५-पेंटेनडायॉल असायला हवं होतं. कारखान्यात त्याऐवजी स्वस्त असं १,४-ब्युटेनडायॉल वापरलं गेलं. नावं ऐकायला जवळपास सारखीच. पण हे दुसरं रसायन शरीरात गेलं की त्याचं रूपांतर गुंगी आणणाऱ्या, अमली पदार्थ म्हणून बंदी असलेल्या द्रव्यात होतं. एकट्या अमेरिकेत सुमारे बेचाळीस लाख पाकिटं परत मागवावी लागली.

आता प्रामाणिकपणे विचारू: हे खेळणं मांडून ठेवणाऱ्या दुकानदाराला यातलं काय कळणार होतं? काहीच नाही. नमुना पास झालेला, बक्षीस मिळालेलं, नामांकित खेळणं. इथे "आम्ही फक्त विकतो" हे खरंच आहे. मात्र ते बातमी येईपर्यंत खरं आहे. बातमी आल्याच्या क्षणापासून दुकानदाराला ती गोष्ट माहीत असते जी पाकीट घरी घेऊन गेलेल्या आईबापांना अजून माहीत नसते. माल काढून मागे ठेवायचा की आज विकून उद्या काढायचा, नेलेल्यांना कळवायचं की त्यांनी पेपर वाचला असेल असं समजायचं, हे निर्णय पूर्णपणे त्याचेच असतात. कारखान्यातली चूक त्याची नव्हती. पण यानंतर विकलेला प्रत्येक नग त्याचा आहे.

आणि काही वेळा तर कारखान्याचा मुळीच दोष नसतो. लॉन डार्ट्स नावाचा एक खेळ होता. धातूचं जड टोक असलेले मोठे बाण हवेत फेकायचे आणि जमिनीवरच्या कड्यात पाडायचे. अमेरिकेत १९७० पासून नियम होता की हा मोठ्यांचा खेळ आहे, तो खेळण्यांच्या दुकानात किंवा खेळण्यांच्या विभागात विकायचा नाही. नियम विकणाऱ्यासाठी होता आणि विकणाऱ्यांनी तो सर्रास धाब्यावर बसवला. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात असा बाण डोक्यात लागून सात वर्षांची मुलगी गेली. तिच्या वडिलांना खरं तर व्हॉलीबॉलचा संच हवा होता. बाण त्याच संचात आले होते. मग ते सगळं सोडून या बाणांच्या मागे लागले, आणि डिसेंबर १९८८ मध्ये पूर्ण बंदी आली. तोवर आठ वर्षांत सहा हजारांहून जास्त लोक या बाणांनी जखमी होऊन इस्पितळात गेल्याचा अंदाज होता, आणि त्यात बहुसंख्य पंधरा वर्षांपर्यंतची मुलं होती. वस्तू कुठल्या फळीवर, कशाच्या शेजारी ठेवायची, हे कारखाना ठरवत नाही. ते दुकान ठरवतं.

फळीवरची चलाखी आजही चालते. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' ही सूचना आणि लाल वर्तुळात काट मारलेला लहान मुलाचा चेहरा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण ती खुळखुळ्यावर दिसली तर काय समजायचं? खुळखुळा चौथ्या वर्षी कोण खेळतो? ती सूचना मुलासाठी नसते, ती तपासणी चुकवण्यासाठी असते, कारण तीन वर्षांवरच्या खेळण्यांना ते नळकांडं लागू होत नाही. युरोपच्या नियमांत म्हणूनच स्पष्ट म्हटलंय की जी वस्तू उघड उघड तान्ह्या मुलांची आहे तिच्यावर ही सूचना छापून सुटका होणार नाही. विकणाऱ्याला हे कळत नाही असं मला कुणी सांगू नये. खुळखुळा कोणत्या रांगेत लावायचा हे त्याला बरोबर कळतं.

याचीच मोठी बहीण म्हणजे 'हे खेळणं नव्हे' ही पाटी. बारीक गोळ्यांसारखे शक्तिशाली लोहचुंबक मोठ्यांचा ताण घालवायची वस्तू म्हणून विकले गेले. एक गिळला तर बहुधा निघून जातो. दोन वेगवेगळ्या वेळी गिळले तर आतड्याची दोन वेटोळी मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात, मधल्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो आणि तिथे भोक पडतं. अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाने २०१२ पासून कारवाई सुरू केली, २०१४ मध्ये नियम केला, २०१६ मध्ये कोर्टाने तो रद्द केला, आणि नवा नियम यायला २०२२ उजाडलं. मधल्या वर्षांत चुंबक गिळल्याच्या घटना पुन्हा वाढल्या. कायदा नसलेल्या त्या काळात हे चुंबक विकायलाच हवेत अशी सक्ती मात्र कुणावर नव्हती. कायदा नाही म्हणजे विकायची मोकळीक आहे, विकायचं बंधन नाही. न विकणं हाही पर्याय असतोच की.

तो पर्याय किती सहज वापरता येतो याचं उदाहरण २०२३ च्या डिसेंबरमध्ये दिसलं. पाण्यात टाकले की कितीतरी पट फुगणारे जेलीसारखे मणी. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात, आणि साध्या एक्स-रेत सहसा दिसतही नाहीत. कितीतरी मुलं शस्त्रक्रियेपर्यंत गेली होती. अमेरिकेतल्या तीन बड्या विक्रेत्यांनी, अ‍ॅमेझॉन, वॉलमार्ट आणि टार्गेट यांनी, मुलांसाठी म्हणून हे मणी विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यासाठी नवा कायदा व्हावा लागला नाही. उत्पादकांचं मन वळवावं लागलं नाही. विकणाऱ्यांनी ठरवलं आणि झालं. मला याचा आनंद झाला, आणि लगोलग दुसरा विचार आला, की हे आज इतकं सोपं असेल तर गेली कितीतरी वर्षं ते अवघड कशामुळे होतं?

कायद्याच्या पुस्तकात डोकावलं तर "आम्ही फक्त विकतो" ही भूमिका तिथे फार दिवस टिकलेली नाही. युरोपमध्ये १९८५ च्या निर्देशात तरतूद आली की सदोष वस्तू बनवणाऱ्याचं नाव विकणारा वाजवी वेळेत सांगू शकला नाही, तर त्यालाच बनवणारा मानलं जाईल. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही, विक्रेत्याच्या जबाबदारीच्या कलमात, हीच कल्पना आहे. शिवाय माल तपासण्यात वाजवी काळजी न घेणं किंवा बनवणाऱ्याने दिलेली धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत न पोचवणं, हेही त्याच्या अंगावर येतं. मला ही तरतूद फार आवडते. तीत आरडाओरडा नाही. ती विक्रेत्याला एवढंच विचारते: कुणाकडून घेतलंत? सांगता आलं तर पुढचा हिशेब त्याच्याशीही होईल. सांगता येत नसेल तर तुम्ही उभे राहा.

याखेरीज १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि मानक ब्यूरोचा कायदा बनवणाऱ्यापाशी थांबत नाही. बिनचिन्हाचा माल विकणं, साठवणं, विक्रीसाठी नुसता मांडून ठेवणं यालाही मनाई आहे. अमेरिकेत धोक्याची माहिती हाती आली की चोवीस तासांत आयोगाला कळवायचं, हे बंधन उत्पादक, आयातदार, वितरक आणि किरकोळ विक्रेता अशा चौघांवरही आहे. तिथेच एक चमत्कारिक गोष्ट अशी की कंपनीने स्वेच्छेने परत मागवलेली वस्तू विकत राहण्याला थेट कायदेशीर मनाई आली ती २००८ मध्ये. २००७ साली शिसंयुक्त रंगाच्या खेळण्यांनी एवढा गदारोळ केला नसता तर ती केव्हा आली असती, कोण जाणे.

चिन्हाबद्दल एक सावधगिरी. युरोपचं सीई चिन्ह बहुतेक खेळण्यांच्या बाबतीत बनवणाऱ्याने स्वतःच लावायचं असतं. 'मी नियम पाळलेत' अशी ती त्याची स्वतःची ग्वाही आहे. त्यामुळे चिन्ह दाखवून विक्रेता मोकळा होत नाही. त्यामागचा चाचणी अहवाल आहे का, तो याच मालाचा आहे का, अहवालातलं नाव आणि खोक्यावरचं नाव एकच आहे का, हे विचारायला त्याला कुणी अडवलेलं नसतं. ग्राहकाला तो अहवाल कधीच बघायला मिळत नाही. विक्रेत्याला मागितला की मिळतो. आणि मिळत नसेल तर तेच उत्तर समजायचं.

ऑनलाइन बाजारात हेच जुनं वाक्य नवे कपडे घालून येतं: "आम्ही फक्त मंच पुरवतो." मंच पुरवणाऱ्याच्या गोदामात माल असतो, त्याच्या खोक्यात तो बांधला जातो, त्याचा माणूस तो दारात आणून देतो, पैसे त्याच्या खात्यात जातात. फक्त जबाबदारीची वेळ आली की तो नुसता मंच उरतो. अमेरिकेच्या आयोगाने २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार दाखल केली. आग पकडणाऱ्या कापडाचे मुलांचे रात्रीचे कपडे, न वाजणारे विषारी वायूचे अलार्म, शॉकपासून संरक्षण नसलेले हेअर ड्रायर, असे चार लाखांहून जास्त नग होते. जुलै २०२४ मध्ये आयोगाने निकाल दिला की इतरांचा माल साठवून पाठवताना अ‍ॅमेझॉन कायद्याच्या दृष्टीने वितरकच आहे, आणि खरेदीदारांना नीट कळवणं, पैसे परत करणं हे तिचं काम आहे. कंपनी याविरुद्ध २०२५ मध्ये कोर्टात गेली. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तिथे विकल्या जाणाऱ्या वस्तूमागे युरोपीय संघाच्या हद्दीत पत्ता असलेली कुणीतरी जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असावी लागते. माझ्या भाचीच्या मासोळीमागे असा कुणी असता तर माझं पत्र निदान एका खऱ्या पत्त्यावर गेलं असतं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती परत मागवण्याच्या पद्धतीची. सवलतीचा सेल लागला की तो सुरू व्हायच्या आदल्या रात्री माझ्या फोनवर संदेश येतो. टोपलीत टाकून न घेतलेल्या वस्तूची आठवण करून देणारे संदेश येतात. मी गेल्या खेपेला काय घेतलं, ते किती वर्षांच्या मुलासाठी असावं, पुढच्या वाढदिवसाला काय घ्यावं, सगळं त्यांना ठाऊक असतं. आणि तीच वस्तू धोक्याची निघाली की सूचना संकेतस्थळाच्या तळाशी एका बारीक ओळीत जाऊन बसते, किंवा काउंटरमागच्या भिंतीवर एक कागद लागतो, जो वाचायचा तर आधी तिथे यावं लागतं. शिवाय खेळणी एका घरात थांबत नाहीत. थोरल्याची धाकट्याला जातात, शेजारी जातात, कुणाच्या तरी पाळणाघरात जातात. पहिल्याच आठवड्यात कळवलं तर त्यातली बरीचशी सापडतील. वर्षाने कळवलं तर पहिल्या मालकालाही ते कुठे गेलं आठवणार नाही.

हे सगळं छोट्या दुकानदाराला कसं झेपणार, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. बड्या साखळीकडे तपासणी विभाग असू शकतो, वकील असतो, उत्पादकाला दम देण्याएवढी खरेदी असते. एकट्या दुकानदाराला घाऊक व्यापारी जे देईल ते घ्यावं लागतं. त्याच्याकडून प्रयोगशाळेची अपेक्षा करू नये. पण बिलावर बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव मागणं, बिननावाचं खोकं न घेणं, सेलचं झाकण एकदा अंगठ्याने ढकलून बघणं, आणि ग्राहकाने खोट दाखवली तर तो नग फळीवर परत न ठेवणं, याला भांडवल लागत नाही.

ओळखीचे एक खेळणीविक्रेते आहेत. त्यांनी कागद मागायला सुरुवात केली तेव्हा घाऊक व्यापारी आधी हसला, मग म्हणाला, "शेठ, सांगायचं ना आधी." आणि त्यांना आतल्या बाजूला घेऊन गेला. आत माल वेगळा लावलेला होता. तशीच खेळणी, जवळपास तेच रंग, पण खोक्यावर नाव, पत्ता, चिन्ह, आणि सोबत अहवालाची प्रत. भाव अर्थातच थोडा चढा. म्हणजे व्यापाऱ्याला दोन्ही माहीत होतं, कुठला माल कागदाचा आणि कुठला बिनकागदाचा. कोण विचारतं आणि कोण विचारत नाही, हेही माहीत होतं. आता हे गृहस्थ आतला माल घेतात. बाहेरचा ढीग अजून आहे का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "आहे ना. तो तर आधी संपतो."